तैग्रिसवरची बोट आणि डॉक्टरांची पदके

पहिल्या महायुद्धाच्या काळात तळकोकणातली माणसे मराठा पलटणींत भरती होत. १९१५ साली मेसोपोटेमियात बगदादकडे निघालेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबरच्या अखेरीस टेसिफोनला तुर्कांपुढे ही फौज अडली आणि चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना आधी स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून तैग्रिस नदीपर्यंत आणले गेले. पुढे बोटींवर दाटीवाटीने भरून त्यांना बसऱ्याला धाडले. कित्येकांच्या जखमांची पट्टी वाटेत बदललीच नाही, आणि ज्यांना उठता येत नव्हते त्यांना आहे तिथेच घाणीत पडून राहावे लागले. बसऱ्याला ‘मेजिदिए’ नावाची अशी एक बोट धक्क्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर मार्कहॅम कार्टर तिथे होते. जे दिसले ते त्यांनी लिहून वर कळवले. वरिष्ठांनी त्यांना अटकेची धमकी दिली आणि लुडबुड्या ठरवले. पुढे चौकशी झाली, मेसोपोटेमिया कमिशन नेमले गेले, १९१७ च्या जूनमध्ये त्याचा अहवाल छापला गेला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

टेसिफोननंतर दोन महिन्यांच्या आत, २१ जानेवारी १९१६ रोजी, त्याच मुलखात ओराच्या भग्नावशेषांजवळ त्याच सर्व्हिसच्या कॅप्टन जॉन सिंटन यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोन्ही हातांतून आणि कुशीतून गोळ्या गेल्या होत्या, तरी ते इस्पितळात जायला तयार झाले नाहीत. उजेड असेपर्यंत गोळीबारात जखमींची शुश्रूषा करत राहिले. त्या शौर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण या दोन डॉक्टरांची कामे शेजारी ठेवली की युद्धातल्या वैद्यकीय पदकांची मेख कळते. डॉक्टर जितका शिपायासारखा वागेल तितका तो पदकाच्या नजरेला दिसतो. वैद्य म्हणून त्याने जे सर्वांत मोठे काम केले, ते या नजरेच्या टप्प्यात क्वचितच येते. म्हणून एखाद्या युद्धात डॉक्टरांनी काय केले हे पदकांच्या यादीवरून ठरवायला गेलो, तर आपण त्या कामाचा फार थोडा आणि काहीसा चुकीचा भाग पाहतो.

याला सर्वांत चांगला साक्षीदार खुद्द सिंटनच आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस एका दिवसाच्या कामाचा. त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी हिवतापाला वाहिली. कसौलीच्या ‘मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया’चे ते संचालक होते, आणि १९४६ साली रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले ते या संशोधनासाठी. व्हिक्टोरिया क्रॉस आणि ही फेलोशिप दोन्ही मिळालेला माणूस आजवर तो एकच. हिवतापाचे लढाईशी काय नाते, असे वाटत असेल तर ब्रह्मदेशाची आघाडी पाहावी. चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी नोंदवले आहे की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे आजारी म्हणून पाठवलेले १२० होते. हिवतापाखेरीज हगवण आणि स्क्रब टायफसही त्यात आले.  मेपाक्रिनची गोळी रोज, न चुकता, अधिकाऱ्यांच्या देखत घ्यायला लावणे हा हिवतापावरचा उपाय होता. ज्या पलटणीत ती घेतली जात नव्हती तिथल्या काही कमांडिंग ऑफिसरांना स्लिमनी घरी बसवले, तेव्हा कुठे आकडे उतरू लागले. जपानी गोळीपेक्षा डासाने जास्त माणसे पाडलेल्या त्या लढाईत गोळ्या मोजून देणाऱ्या डॉक्टरला कुठले शौर्यपदक देणार?

इथे आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. शौर्यपदक शौर्यासाठीच असते. स्वच्छता राखणे, औषधे पुरवणे, जखमींची वाहतूक नीट करणे हे खात्याचे रोजचे कर्तव्य, त्याला पदक कशाला? मान्य. पण मग पदक म्हणजे फक्त शौर्याचा दाखला, असे तरी काटेकोरपणे म्हणावे लागेल, आणि तसे ते कधीच नव्हते. १८९५ च्या ‘इंडिया मेडल’चे उदाहरण घ्या. हे मोहिमेत हजर राहिल्याचे पदक. लढणाऱ्या शिपायाला चांदीचे, आणि सैन्याबरोबरच्या नोकरचाकरांना, म्हणजे ज्यांत जखमींच्या डोल्या वाहणारे कहारही आले, काशाचे. गोळी दोघांनाही सारखीच लागत होती. आजही अतिविशिष्ट आणि परमविशिष्ट सेवा पदके बहुधा वरच्या हुद्द्यांवरच दिसतात. हुद्दा, जात आणि शिफारस लिहिणाऱ्या वरिष्ठाची मर्जी यांवरून पदकांचा धातू ठरत आला आहे, तेव्हा शौर्य एवढेच माप होते असे म्हणण्यात अर्थ नाही. कार्टर यांची तक्रार तर वरिष्ठांविरुद्धच होती. तिची शिफारस करणार कोण?

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, असेही कुणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. कोरियात १९५० पासून राबलेल्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सला दोन महावीर चक्रे आणि सहा वीर चक्रे मिळाली. १९५५ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी आग्र्याला साऱ्या पथकाला चषक दिला. पथकाला एकत्र गौरवण्याची ही रीत मला जास्त न्याय्य वाटते, कारण शस्त्रक्रिया एकटा माणूस करत नाही. तरीही या पथकाची आठवण निघते ती बहुधा लेफ्टनंट कर्नल रंगराज आणि त्यांच्या साथीदारांनी १९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकन छत्रीधाऱ्यांबरोबर मारलेल्या उडीची. तंबूतल्या टेबलापाशी उलटलेल्या रात्री कुणी सांगत नाही. २०१० साली काबूलमध्ये मेजर लैशराम ज्योतिन सिंग यांनी हाती शस्त्र नसताना आत्मघाती हल्लेखोराला मिठी मारून धरले आणि सहकाऱ्यांचे प्राण वाचवले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. तो सन्मान सर्वस्वी योग्यच होता. मात्र तो मिळाला एका शूर माणसाला, जो योगायोगाने डॉक्टर होता.

मराठी माणसाला ठाऊक असलेले युद्धातले सर्वांत मोठे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांना आपल्या कुठल्याच सैन्याने पदक दिले नाही. सोलापूरच्या या माणसाने चीनच्या आठव्या रूट आर्मीत जखमींवर उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच देह ठेवला. त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले ते शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने. कार्टर यांच्या नशिबी असा चित्रपट नव्हता. पण मेसोपोटेमियातली वैद्यकीय व्यवस्था १९१६ मध्येच बदलू लागली, आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले तोवर नदीवर जखमींसाठी नीट बोटी आणि रस्त्यावर मोटार अँब्युलन्स आल्या होत्या. तीन मराठा पलटणींच्या उरलेल्या माणसांना त्यांचा उपयोग झाला नाही. ती टेसिफोनहून मागे कुटला आली होती, आणि आदल्या एप्रिलमध्ये ते पडले तेव्हाच तुर्कांच्या कैदेत गेली होती.