कण्याची इजा आणि शय्याव्रणाचा जन्मभरचा धोका

शेतकऱ्याच्या धंद्यांत झाडावरून किंवा विहिरींत पडण्याचे प्रसंग येतात. ट्रॅक्टर उलटण्याची आतां त्यांत भर पडली आहे. अशा अपघातांत कणा मोडून आंतील मज्जारज्जू दुखावला, तर इजेखालील अंगाची हालचाल व संवेदना जाते. प्राण वांचून रोगी घरीं आला, म्हणजे संकट टळलें असें घरच्यांस वाटतें. परंतु शय्याव्रणाचें संकट त्यानंतरही जन्मभर टिकतें. त्याविषयीं आम्ही येथें थोडी माहिती देत आहों.

हाड व अंथरूण यांमध्यें कातडी आणि मांस दाबलें गेलें, कीं तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. हा दाब फार वेळ राहिल्यास रक्त न पोंचून मांस आंतल्या आंत मरूं लागतें. माकडहाड, बैठकीचीं हाडें, खुबे व टांचा हीं त्याचीं मुख्य ठिकाणें होत. निरोगी मनुष्य झोपेंतही कूस बदलतो, कारण दाबलेलें अंग त्यास जाणवतें. खांदा आलेला बैल जूं घेईनासा होतो व धनी त्यास विसांवा देतो. या रोग्याचें अंग मात्र तक्रार करूं शकत नाहीं. ती इतरांनीं डोळ्यांनीं शोधावी लागते.

पहिल्या महायुद्धांत (१९१४-१८) अशी इजा झालेले बहुतेक सैनिक शय्याव्रण व मूत्रमार्गाचे विकार यांनीं लवकरच दगावत. १९४४ सालीं इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयांत डॉ. लुडविग गुटमन यांनीं रोग्यांस रात्रंदिवस दर दोन तासांनीं वळविण्याचा नेम घातला, आणि असे रोगी दीर्घकाळ जगूं शकतात हें दाखवून दिलें.

वर्षें लोटतात तसें बैठकीवरील मांस झिजतें, वयानें कातडी पातळ होते आणि घरच्यांची दक्षताही सैल पडते. भरलेली जखम पूर्वीइतकी बळकट नसते; एकदां आलेला खांदा पुन्हां लवकर येतो, तसेंच हें आहे. अमेरिकन नट क्रिस्टोफर रीव्ह यांस १९९५ सालीं घोड्यावरून पडून अशी इजा झाली. साधनांची उणीव नसतांही ९ वर्षांनीं, २००४ सालीं, दूषित शय्याव्रणावर उपचार चालू असतां त्यांचा अंत झाला.

यास्तव पुढील गोष्टी नित्य पाळाव्या:

(१) निजलेल्या रोग्याची कूस सामान्यतः दर दोन तासांनीं बदलावी. थेट खुब्यावर न निजवितां पाठीशीं उशी देऊन कलतें ठेवावें. टांचा अधांतरीं राहतील असा पोटऱ्यांखालीं आधार द्यावा.

(२) चाकांच्या खुर्चींत दर १५ ते ३० मिनिटांनीं पुढें किंवा बाजूस झुकून सुमारें दोन मिनिटें भार उतरावा. मध्यें भोंक असलेली गोल उशी घेऊं नये. तिच्या कडेनें रक्त अडतें.

(३) सकाळ-संध्याकाळ सर्व अंग पहावें. रोग्यास स्वतः पाहण्यास आरसा द्यावा. बोटानें दाबूनही फिकी न होणारी लाली ही धोक्याची खूण होय. सांवळ्या कातडीवर ती सहज दिसत नाहीं. तेथें काळसर छटा, ऊब, सूज किंवा कठीणपणा पहावा. खूण दिसतांच तेथील भार पूर्ण काढावा. जागा चोळूं नये.

(४) मलमूत्राची ओल व अंथरुणाच्या सुरकुत्या राहूं देऊं नयेत. आहारांत डाळी, दूध, अंडीं असावीं; तंबाखू व विडी वर्ज्य करावी. बधिर अंगास शेक देऊं नये.

कातडी फाटली, काळी पडली, दुर्गंधी किंवा ताप आला, तर राख-शेण न लावतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. विलंबानें दोष हाडापर्यंत जातो.

पिकाच्या पाण्याची पाळी चुकूं नये म्हणून आपण मध्यरात्रीं उठतों. रोग्याची पाळीही तशीच सांभाळतां येईल. मात्र ती घरांतील एकाच बाईच्या माथीं न मारतां सर्वांनीं वांटून घ्यावी. एकटा माणूस वर्षानुवर्षें जागूं शकत नाहीं, आणि हा धोका तर वर्षानुवर्षांचा आहे.