टायर मोठा, काटा मागे

जव्हारहून मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता वळणांचा आणि मुसळधार पावसाचा. खड्ड्यांत गाडीचं पोट घासू नये म्हणून इथे थोडे मोठे टायर बसवण्याचा मोह होणं समजण्यासारखं आहे. पण त्याने स्पीडोमीटर चुकतो. काटा रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं कोरलेलं असतं. त्याचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला, तर तो ७३४ होतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गाडी चार टक्के जास्त पुढे जाते आणि काटा ६० दाखवतो तेव्हा वेग साडेबासष्टच्या आसपास असतो.

काटा मुळातच थोडा जास्त दाखवतो, मग बिघडलं कुठे, असं कोणी म्हणेल. ते खरं आहे, पण ती सवलत चालकाच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेली असते, आणि मोठा टायर नेमकी तीच खातो. शिवाय थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं: चार टक्के वेग वाढला की ब्रेक लावल्यावरचं अंतर जवळपास नऊ टक्क्यांनी लांबतं. ओल्या उतारावर ते महागात पडतं. टायर बदलायचाच असेल, तर रिमपेक्षा पूर्ण चाकाचा व्यास आधी जुळवून पाहा.