पायांच्या जागी पट्टा

यंत्राला झाकण असते ते माणसाच्या रक्षणासाठी, अशी आपली सर्वांची समजूत आहे. आणि ती खोटीही नाही. गावच्या पिठाच्या गिरणीत मोटारीपासून जात्यापर्यंत गरगरणाऱ्या पट्ट्याभोवती जाळी असायची, ती कुणाच्या धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडू नये म्हणून. १९४८ च्या कारखाने कायद्याचे एकविसावे कलम फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगते, ते कामगाराचा हात वाचावा म्हणून. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी साडीची जाळी असते तिलाही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाचा आधार आहे; मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हा तिचा हेतू. या सगळ्या झाकणांमागचे गृहीत एकच: यंत्र दांडगे आणि माणूस नाजूक.

पण कोल्हापुरात आपल्या रोजच्या पाहण्यात एक वाहन असे आहे की जिथे हे नाते उलटे होते. तिथे यंत्रालाच जपावे लागते. कारण ते थांबले तर माणूसही जागच्या जागी थांबतो. अपंगांच्या तीनचाकी स्कूटरबद्दल मी बोलतो आहे. महाद्वार रोडवर, सीपीआर रुग्णालयाच्या फाटकाशी, जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात ती आपण पाहतो आणि वाट देऊन पुढे जातो. तिला तीनचाकी म्हणतात खरे. पण मोजायला गेलो तर चाके बहुधा चार भरतात. स्कूटरची मूळची दोन आणि मागच्या बाजूला लोखंडी सांगाड्यावर बसवलेली साइडची दोन. साइडची चाके नुसती तोल धरतात. गाडी ओढण्याचे काम मधल्या मूळ चाकाचेच. आणि त्या चाकापर्यंत इंजिनाची ताकद पोचवतो तो रबराचा एक पट्टा.

या गाड्यांवरचे बरेच स्वार पोलिओच्या पिढीतले आहेत. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण त्याआधी ज्यांचे पाय गेले ती माणसे आज चाळिशी-पन्नाशीत, कमावती, घरे चालवणारी आहेत. कोल्हापूरला या विषयाची जाण पूर्वीपासून आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था याच शहरात उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. अपंगांना दया नको, हिंडण्याफिरण्याची सोय हवी, ही गोष्ट कोल्हापूरकरांच्या कानावर गेली चाळीस वर्षे पडत आली आहे. ती सोय शेवटी कशावर लटकलेली असते, एवढेच आज पाहायचे आहे.

चेतक ते बिनगिअरची स्कूटर

एके काळी या गाड्यांना पट्टा नव्हताच. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकचे इंजिन आपल्या गिअरच्या दात्यांनी मागचे चाक थेट फिरवी. ना साखळी, ना पट्टा. धूळ, चिखल, खडी यांचे तिला काही वाटत नसे. मात्र चालू करायला किक मारावी लागे, मागचा ब्रेक पायाने दाबावा लागे. पायच नाहीत त्याने काय करायचे? मग गॅरेजवाले मिस्त्री हाताचा ब्रेक जोडून देत, आणि किक मारायला रस्त्यावरचा कुणी भला माणूस शोधावा लागे.

१९८४ मध्ये किनेटिक होंडा निघाली आणि हा प्रश्न एका बटणाने सुटला. गिअर नाहीत, क्लच दाबायचा नाही, दोन्ही ब्रेक हातात, बटण दाबले की इंजिन सुरू. पुढे नव्या शतकात ॲक्टिव्हा आणि तिच्या बहिणी घरोघर आल्या आणि साइडची चाके बहुतेक याच जातीच्या गाड्यांना लागू लागली. ज्याच्यामुळे गिअर गेले तो हा पट्टा. पुढे एक पुली, मागे एक पुली. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, तिची दोन पाती जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. मागची पुली स्प्रिंगच्या जोरावर त्याला उतरून जागा देते. गिअर बदलण्याचे काम असे आपोआप होत राहते. कल्पना मोठी सुंदर आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये ती चारचाकी मोटारीत आणली होती. पण तिचा सारा भार पट्ट्याच्या दोन तिरक्या कडांवर असतो. त्या कडा कोरड्या आणि स्वच्छ राहिल्या तर पट्टा हजारो किलोमीटर चालतो. धूळ, तेल किंवा पाणी गेले की तो घसरतो, तापतो, झिजतो आणि एक दिवस तुटतो.

डाव्या कडेचे भोग

आता गंमत पाहा. बिनगिअरच्या स्कूटरच्या पट्ट्याची पेटी गाडीच्या डाव्या अंगाला असते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, आणि हळू चालणाऱ्याने तर अगदी कडेला राहायचे. मोठ्या गाड्यांच्या चाकांनी उडवलेली खडी, मुरूम, वाळू, काचा हे सगळे साठते ते नेमके त्याच कडेला. दुचाकीवाला नागमोडी जाऊन स्वच्छ पट्टी शोधतो. साइडच्या चाकांचा स्वार मधले चाक चुकवील तर कडेचे सापडेल. त्याची गाडी रुंद आहे. म्हणजे सगळ्यात घाण पट्टीतून त्याचे डावे चाक जाणार, आणि त्याला लागूनच पट्ट्याची पेटी!

त्यात आपला मुलूख उसाचा. गळीत हंगामात कुडित्रे, कसबा बावडा, कागल या बाजूंना ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली की रस्त्यावर पाचट, वाडे आणि चिरडलेला ऊस पसरतो. साइडच्या चाकाचा सांगाडा आणि पेटी यांच्यामध्ये जी बेचकी तयार होते तिथे हे पाचट जाऊन बसते. वर चिखल थापला जातो. उद्यमनगरात जावे तर रस्त्याच्या कडेला बिडाची भुकटी आणि भट्टीची वाळू. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जावे तर गुलाल. देवाचा असला तरी पट्ट्याच्या दृष्टीने ती धूळच. पेटी बंद असते हे खरे, आणि मोठा दगड सहसा आत जात नाही. पण पट्टा थंड राहावा म्हणून पेटी बाहेरची हवा ओढते. फोमचा फिल्टर तुंबला तर पट्टा तापतो, फाटला तर बारीक वाळू आत शिरते. झाकणाचा एखादा बोल्ट पडला, पॅकिंग चिरले, उडालेल्या दगडाने झाकणाला तडा गेला, तर मग विचारायलाच नको.

बँकेत असताना माझ्या शाखेचे एक खातेदार अशा गाडीवरून येत. दोन्ही पायांना कॅलिपर, टेलिफोन बूथचा व्यवसाय, व्यवहार चोख. हंगामाच्या दिवसांत एका संध्याकाळी गावाबाहेर त्यांचा पट्टा तुटला. अशा वेळी इंजिन बंद पडत नाही. ते ओरडत राहते आणि गाडी मात्र हलत नाही. तुमची-आमची गाडी अशी अडली तर आपण शिव्या घालत ती ढकलत नेतो. त्यांना उतरताही येईना. दोन तासांनी एका ट्रॅक्टरवाल्याने दोरी बांधून त्यांना गावात आणले. दुसऱ्या दिवशी ते हे हसत सांगत होते. फक्त एवढेच म्हणाले, की त्या दोन तासांत आपण अपंग आहोत हे बऱ्याच वर्षांनी आठवले.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कर्जाच्या फायलीत गाडीचे सगळे असते: कोटेशन, तारणाची नोंद, विम्याची पॉलिसी, आणि नोंदणी पुस्तकावर 'इनव्हॅलिड कॅरेज' असा शब्द. (२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातून तो गेला आणि 'रूपांतरित वाहन' या अर्थाचा शब्द आला, हे बरे झाले.) पण पट्ट्याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही. कंपनी म्हणते, आम्ही दुचाकी बनवली. चाके जोडणारा म्हणतो, मी चाके जोडली. विमा यांत्रिक बिघाड आणि झीज भरून देत नाही. वाहन नोंदणारा ब्रेक पाहतो, दिवे पाहतो. जो तो आपल्या जागी बरोबर असतो आणि पट्टा कुणाचाच नसतो.

ढाल कशी असावी

उपाय अवघड नाहीत. फार खर्चाचेही नाहीत. पण ते नीट समजून केले पाहिजेत. पेटीच्या पुढे आणि खाली रबराचा रुंद मडफ्लॅप किंवा पत्र्याची लहान ढाल असावी, म्हणजे चाकाने उडवलेला खडा थेट झाकणावर आदळत नाही. ढाल आणि पेटी यांत बोटभर फट हवी. हवा यायला आणि अडकलेले पाचट पडून जायला. काही हौशी लोक सगळीकडून प्लॅस्टिक गुंडाळतात. ते वाईट, पट्टा आतल्या आत शिजतो.

अमेरिकेतल्या हार्ले डेव्हिडसनच्या गाड्यांकडे पाहिले तर हेच दिसते. १९८० पासून त्या कंपनीने मागच्या चाकासाठी साखळीऐवजी दातेरी पट्टा आणायला सुरुवात केली, आणि २००९ च्या तिच्या ट्राय ग्लाइड या तीनचाकीतही पट्टाच आहे. तो उघडा असतो, म्हणून त्याचा शत्रू धूळ नसून दगड. पट्टा आणि पुली यांमध्ये सापडलेला एक खडा पट्ट्याला भोक पाडू शकतो. भोक मध्यावर असेल तर काही काळ निभावते, कडेला असेल तर पट्टा फाटत जातो. म्हणून तिथे दगड बाजूला फेकणारी पट्टी असते, दगड साठवणारी परात नसते. खालून बंद केलेली ढाल दगड अडवत नाही, पाळते. आपल्या मिस्त्रींनी हे ध्यानात ठेवावे.

बाकी गोष्टी सवयीच्या आहेत. फिल्टरचा फोम हंगामात वरचेवर पाहावा. धुताना पाण्याचा फवारा पेटीच्या हवेच्या तोंडावर मारू नये. साइडच्या चाकांमुळे गाडीवर वजन आणि ओढ दोन्ही वाढतात, तेव्हा पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या आधीच पट्टा उघडून पाहावा. आणि सांगाडा असा जोडून घ्यावा की झाकण काढायला चाक काढावे लागू नये. पूर्वी गुऱ्हाळाच्या इंजिनाचा पट्टा घसरला की त्यावर राळ लावत. तो जुना हातगुण इथे चालत नाही. या पट्ट्याला काहीही लावायचे नाही. आणि पुराचे पाणी! २००५, २०१९, २०२१ ही साले पंचगंगेकाठच्या माणसाला पाठ आहेत. पाण्यातून गेलेली गाडी रेस करून पट्टा वाळवू नये. पेटी उघडून, पुसून, कोरडी करूनच चालवावी.

विजेच्या स्कूटर आल्या म्हणून हा विषय संपला असेही नाही. बजाजच्या विजेच्या चेतकमध्ये पुन्हा दाते आले, टीव्हीएसच्या आयक्यूबमध्ये मोटार चाकातच बसली; पण ॲथरच्या स्कूटरमध्ये दातेरी पट्टाच मागचे चाक फिरवतो. साइडची चाके लावण्यासाठी गाडी निवडताना रंग आणि किंमत यांच्याबरोबर हाही एक प्रश्न विचारावा: ताकद चाकापर्यंत कशाने जाते, आणि त्याच्यावर झाकण काय आहे?

उद्यमनगरातल्या कारागिरांनी नमुना पाहून इंजिनाचे सुटे भाग घडवले आहेत. त्यांना ही एवढीशी ढाल जड नाही. फक्त ती मागून केलेली दुरुस्ती असता कामा नये. चाके जोडतानाच ती जोडली जावी, पावतीवर तिची एक ओळ असावी, कर्ज देणाऱ्याने आणि गाडी तपासणाऱ्याने ती ओळ शोधावी. आपण पायांत चप्पल घालतो तेव्हा कुणावर उपकार करत नाही. ज्याच्या पायांचे काम एक रबरी पट्टा करतो, त्या पट्ट्यालाही खडीपासून जपणारी चप्पल हवी, इतकीच ही मागणी आहे.