नर्स निवडताना आम्ही काय पाहतो?

"नर्सिंगच्या मुली तुम्ही कशा निवडता?" असे मंडळीतील पुष्कळ जण विचारतात. तुमच्या देणग्यांतून या मुलींची फी भरली जाते, म्हणून याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. नर्सिंग कॉलेजचा प्रवेश गुण, प्रवेश परीक्षा आणि आरक्षणाच्या नियमांनुसारच होतो. त्यात आमचा हात नाही. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची आणि शिक्षणानंतर दवाखान्यात कोणाला घ्यायचे, एवढेच आमची समिती ठरवते.

आपल्या जालना जिल्ह्यात आदिवासी समाज थोडा आहे, लोकसंख्येच्या सुमारे 2 टक्के. वस्त्या लहान आणि विखुरलेल्या. दिवाळी झाली की मंठा, घनसावंगी, अंबड या भागांतून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांत गरोदर बायकाही असतात. परत येईपर्यंत तपासण्या चुकलेल्या असतात, बाळाच्या लसी राहिलेल्या असतात, कार्ड हरवलेले असते. अशी बाई दवाखान्यात आली आणि खिडकीवरच "इतके दिवस कुठे होतीस?" असा आवाज चढला, तर ती पुन्हा येत नाही. तिची जाऊही येत नाही. पुढचे बाळंतपण मग पालावर होते. नर्सचा स्वभाव ही म्हणूनच शोभेची बाब नाही. त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यात ठेवून पाहिल्या, पण ते नीट जमले नाही. मग गावानेच आपल्यातली बाई निवडावी असे ठरले. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित समाजातल्या होत्या. अक्षरओळख नसली तरी गावाचा विश्वास त्यांच्यावर होता आणि आरोग्याचे ज्ञान त्यांना शिकवता आले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत तिथल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी कमी झाले. हा अहवाल 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

उलट उदाहरण श्रीमंत देशातले. इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या रुग्णालयात यंत्रे होती, पदव्या होत्या, तरी रुग्णांना वेळेवर पाणीसुद्धा मिळत नव्हते. 2013 मध्ये चौकशीचा अहवाल आला. त्यानंतर तिथे नर्सिंगचे विद्यार्थी घेताना गुणांबरोबर मूल्येही पाहण्याची पद्धत देशभर लागू झाली.

पण मूल्ये पाहायची कशी? इशायाच्या थोरल्या मुलाची उंची पाहून शमुवेलासारखा संदेष्टाही क्षणभर फसला होता. मन पाहणे माणसाच्या हातात नाही. वागणे मात्र पाहता येते.

म्हणून "नर्स का व्हायचे आहे?" हा प्रश्न आम्ही बंद केला. त्यावर सगळ्याच जणी "सेवा करायची आहे" म्हणतात. त्याऐवजी घडलेले विचारतो: घरात कोणी आजारी होते तेव्हा तू काय केलेस? कोणाशी मतभेद झाला, मग पुढे काय झाले? मग एक प्रसंग समोर ठेवतो: रांग मोठी आहे, ऊसतोडीवरून आलेल्या बाईकडे कार्ड नाही, मागचे लोक ओरडत आहेत. तू तिच्याशी काय बोलशील? किंवा, गोळी चुकीच्या रुग्णाला दिली गेली आणि कोणी पाहिले नाही. आता काय करशील?

एकाच मुलाखतीवर आम्ही निर्णय घेत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत सुरू केली. तीच आम्ही आमच्या मापाने वापरतो. प्रत्येक मुलगी तीन-चार जणांना वेगवेगळी भेटते. प्रत्येक जण चर्चेआधी आपले गुण लिहून ठेवतो, म्हणजे मोठ्या आवाजाच्या सभासदाचे मत इतरांवर चढत नाही. त्या तीन-चार जणांत एक अनुभवी सिस्टर असते आणि वस्तीवरची एक बाई. मुलगी ताई-मावशींशी, झाडू मारणाऱ्या काकांशी कशी बोलते, तेही आम्ही पाहतो.

यात धोके आहेत. चटपटीत बोलणारी मुलगी दयाळू वाटते. ज्या मुलीच्या घरी भिल्ली बोलतात ती मराठीत अडखळते, म्हणून ती मनानेही मंद असेल असा समज होऊ शकतो. तिला आम्ही जास्त वेळ देतो. आपल्यासारखीच, आपल्याच मंडळीतली मुलगी चांगली वाटणे हाही एक पक्षपातच आहे. आणि दया हा कौशल्याचा पर्याय नाही. सलाईनचे थेंब मोजता न येणारी प्रेमळ नर्सही रुग्णाला धोकादायकच असते.

निवड चांगली झाली तरी काम संपत नाही. रात्रपाळीला एकटी, वर सिस्टरची बोलणी, वेळेवर जेवण नाही, अशा ठिकाणी मायाळू मुलगीही वर्षभरात करडी होते. म्हणून वरिष्ठ नव्या मुलींशी कसे वागतात, याचीही आम्ही नोंद ठेवू लागलो आहोत.

आता तुमच्याकडे एक विनंती. शिफारसपत्रात बहुतेक जण लिहितात, "मुलगी चांगल्या घरातील असून नियमित उपासनेला येते." त्याने आम्हाला फारसे कळत नाही. तिने काय केले ते लिहा. शेजारच्या म्हातारीचे औषध तिने आणले का? संडे स्कूलमध्ये मागे पडलेल्या मुलाजवळ ती बसली का? तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट चार ओळींत लिहून पाठवा. वस्तीवरच्या एखाद्या आईला बोलणी न खाता उपचार मिळावेत, यासाठी त्या चार ओळी फार उपयोगी पडतील.