खिडकी वर, वजन खाली!

आपल्याकडची ‘स्लायडिंग खिडकी’ डावी-उजवीकडे सरकते. ॲल्युमिनियमची चौकट, खाली दोन चाकं, एक पन्हळ आणि पावसाळ्यात त्या पन्हळीतून घरात शिरणारं पाणी, असा तिचा साधा संसार. इंग्लंड-अमेरिकेतली जुनी सरकती खिडकी मात्र वर-खाली जाते, म्हणजे थेट गुरुत्वाकर्षणाशी पंगा! काच-लाकडाची दहा-बारा किलोंची चौकट एका हातानं वर ढकलायची आणि हात काढला की ती जिथल्या तिथं थांबली पाहिजे. खाली आली तर बोटांचा चेंदामेंदा. फ्रेंच लोक या खिडकीला ‘गिलोटिन’ म्हणतात ते काही उगाच नाही.

या सरकत्या चौकटीचं नाव सॅश. खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीच्या जाडीत एकेक पोकळ लाकडी खोकं असतं. सॅशच्या कडेला बांधलेली दोरी कप्पीवरून त्या खोक्यात उतरते आणि तिच्या टोकाला बिडाचं किंवा शिशाचं लांबुळकं वजन लोंबकळतं. सॅश वर, वजन खाली. सॅश खाली, वजन वर. एका खिडकीत दोन सॅश, म्हणजे चार दोऱ्या, चार कप्प्या, चार वजनं. दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्याला यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. पण या खिडकीच्या सगळ्या सुरस कथा आहेत, त्या या अंधाऱ्या खोक्यातल्याच.

थोडी कमी, थोडी जास्त

सॅशचं वजन जेवढं, तेवढंच दोन लोंबत्या वजनांचं मिळून, हे शाळेतलं उत्तर. मुरलेला सुतार यात मुद्दाम थोडी गडबड करतो. वरच्या सॅशची वजनं तो सॅशपेक्षा किंचित जड ठेवतो, म्हणजे ती आपोआप वर ओढली जाऊन घट्ट बंद राहते. खालच्या सॅशची वजनं किंचित हलकी, म्हणजे ती उंबऱ्यावर नीट टेकून बसते. काटेकोर तोल साधला असता, तर दोन्ही सॅश वाऱ्याच्या झुळकीसरशी मधेच खुळखुळत बसल्या असत्या.

राजाच्या हिशेबवहीतली कप्पी

वजनं लावलेल्या सॅशचा मागमूस १६७० च्या सुमारास लंडनमध्ये लागतो. दुसऱ्या चार्ल्सच्या व्हाइटहॉल राजवाड्याच्या बांधकामखर्चात कप्प्या आणि दोऱ्या दिसू लागतात आणि दरबारचा मुख्य सुतार टॉमस किनवर्ड याचं नाव या कामाशी जोडलं जातं. त्याआधीच्या सरकत्या खिडक्या खुंटी किंवा खाच वापरून अडकवत. खुंटी निसटली की संपलं.

काही जण श्रेय रॉबर्ट हूकला देतात. पुरावा तोकडा आहे, पण मोह समजण्यासारखा आहे. हूक वैज्ञानिक तर होताच, शिवाय १६६६ च्या आगीनंतर लंडन नव्यानं उभं करणाऱ्यांतला एक होता. स्प्रिंग जेवढी ताणाल तेवढ्या जोरानं ती मागे ओढते, हा आपण घोकलेला नियम त्याचाच. १६७६ मध्ये त्यानं तो चक्क अक्षरांची सरमिसळ करून कोड्याच्या रूपात छापला, दुसऱ्यानं ढापू नये म्हणून! उत्तर जाहीर केलं १६७८ मध्ये. या नियमानं पुढं खिडकीवाल्यांचा चांगलाच घाम काढला. ते पुढे येईलच.

चार इंच मागे सरका

आगीचा धसका लंडनला बराच काळ पुरला. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लाकडी चौकटी असतील तर ज्वाळा एका घरातून दुसऱ्या घरात पसरतात, म्हणून १७०९ च्या कायद्यानं त्या भिंतीच्या दर्शनी पृष्ठभागापासून चार इंच आत सरकवायला लावल्या. १७७४ च्या कायद्यानं तर वजनांची खोकीही विटांच्या मागे दडवायला सांगितली. त्यामुळे लंडनच्या रस्त्यावर उभं राहून नुसत्या खिडक्यांवरून घराचं वय सांगता येतं. दर्शनी भागाच्या बरोबरीनं रुंद चौकट दिसली तर घर बहुधा फार जुनं, खोल बसलेली बारीक चौकट दिसली तर नंतरचं.

आणखी एक खूण आहे. वरच्या सॅशच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत लाकडाची शिंगं बाहेर आलेली असतात. ती नक्षी वाटते, पण आहे मजबुतीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोठ्या काचा स्वस्त झाल्या, मधल्या आडव्या-उभ्या पट्ट्या गेल्या आणि जड काचेचा सगळा भार कोपऱ्यांतल्या सांध्यांवर आला. सांधा टिकावा म्हणून लाकूड थोडं पुढे वाढवलं गेलं. शिंगं दिसली की व्हिक्टोरिया राणीचा काळ, असा ढोबळ ठोकताळा. आजकाल मात्र नव्या प्लास्टिकच्या खिडक्यांनाही ही शिंगं चिकटवतात. तिथं ती खरंच नुसती शोभेची!

खोक्यातला उंदीर

खोक्याला एक चोरदरवाजा असतो. कप्पीच्या खालच्या फळीत एक छोटा तुकडा असा बसवलेला असतो, की दोन-चार वेळा रंग मारल्यावर तो घरमालकालाही सापडत नाही. दोरी तुटली की सुतार तो तुकडा काढून आतलं वजन बाहेर घेतो. मग नवी दोरी आत कशी घालायची? कप्पीवरून जाड दोरी ढकलली तर ती आतच वेटोळं करून बसते. म्हणून पातळ सुतळीच्या टोकाला शिशाचा एक छोटा तुकडा बांधून आत सोडतात. तो अंधारात सरसर खाली जातो आणि चोरदरवाजातून बाहेर काढता येतो. इंग्रज सुतारांनी त्याला ‘माऊस’ म्हटलं, संगणकाच्या कितीतरी आधी.

एकाच खोक्यात दोन वजनं वर-खाली करणार, मग ती एकमेकांवर आदळत नाहीत? आदळली असती, पण मधे एक पातळ पट्टी वरून टांगलेली असते. ती दोघांना वेगळं ठेवते. आणि दोरीचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस नव्हे, तर हौशी रंगारी! तेलरंग लागला की सुती दोरी कडक होते आणि कप्पीवरून वळताना तडकते.

या दोरीनं एक विक्रमही केला आहे. अमेरिकेत अजून वापरात असलेला सर्वांत जुना नोंदणीकृत ट्रेडमार्क म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो आहे ‘सॅमसन’. २७ मे १८८४ ला दोऱ्या आणि दोरखंडांसाठी त्याची नोंद झाली. चिन्हावर सिंहाशी झुंजणारा बायबलमधला सॅमसन. याच कंपनीची रंगीत ठिपक्यांची सॅशची दोरी पुढं घराघरांत गेली.

शिसं गेलं, आणि...

इंग्रजी साहित्यातला सर्वांत हास्यास्पद खिडकी-अपघात लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’त आहे. कादंबरी १७५९ ते १७६७ या काळात खंडाखंडानं आली. छोट्या ट्रिस्ट्रमला लघवीला लागली, भांडं सापडेना, म्हणून दासीनं पोराला उचलून खिडकीत उभं केलं आणि सॅश वर केली. सॅश धाडकन खाली! पोराचं नको त्या जागी जे व्हायचं ते झालं. कारण? काकांचा युद्धवेडा सेवक ट्रिम यानं खेळण्यातल्या तोफा ओतायला शिशाची वजनं आधीच काढून नेली होती. कप्प्याही नेल्या, तोफगाड्याची चाकं करायला. खिडकीची यंत्रणा इतक्या नेमकेपणानं कथेच्या कामी लावणारा दुसरा लेखक माझ्या तरी वाचनात नाही.

स्टर्नची थट्टा लवकरच खरी ठरली. १७७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बंडखोरांनी घराघरांतली शिशाची खिडकी-वजनं गोळा केली, बंदुकीच्या गोळ्या पाडायला.

आणि १९२७ मध्ये याच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याचा खून केला. हत्यारांत एक होतं सॅशचं लोखंडी वजन. त्या वेळी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वस्तू! जानेवारी १९२८ मध्ये दोघांना विजेच्या खुर्चीत मृत्युदंड झाला. घोट्याला कॅमेरा बांधून आत शिरलेल्या छायाचित्रकारानं रूथचा त्या क्षणीचा फोटो काढला आणि तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकला. जेम्स केनच्या ‘डबल इन्डेम्निटी’ या कादंबरीमागे याच खटल्याची प्रेरणा होती.

हवा खेळती ठेवायची युक्ती

दोन सॅशची खरी गंमत उन्हाळ्यात. वरची थोडी खाली ओढा, खालची थोडी वर करा. गरम हवा वरच्या फटीतून बाहेर, थंड हवा खालून आत. पंखा नको, वीज नको. १८६० मध्ये पीटर हिंक्स बर्ड यानं त्याहून सोपी शक्कल सांगितली: खालच्या सॅशखाली एक फळी घाला. खालची फट फळीनं बंद होते, पण दोन सॅशच्या मधोमध फट पडते आणि वारा अंगावर न येता छताकडे जातो.

तरी ही खिडकी आपल्याकडे रुजली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. ती कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. कोकण-मुंबईच्या उकाड्यात अर्धी खिडकी कुणाला पुरणार? दोन्ही दारं सताड उघडणारी आपली खिडकीच इथं शहाणी. थॉमस जेफरसननं मात्र माँटिसेलोच्या आपल्या घरात तोड काढली. त्यानं जमिनीपर्यंत पोचणारी तीन सॅशची खिडकी केली. खालच्या दोन वर सरकवल्या की खिडकीतून थेट बाहेर चालत जाता येतं.

भाऊबंद आपल्या गल्लीत

वजन नको, खोकं नको, तर स्प्रिंग लावा, असा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागला. इथं हूकसाहेबांचा नियम आडवा आला. सॅश खाली असताना स्प्रिंग सर्वांत ताणलेली, म्हणजे ओढ जास्त. वर गेली की ओढ कमी. खिडकी बंद करावी तर उसळी मारते, उघडी ठेवावी तर घसरते. तोड निघाली ती पिळाच्या सळईची. नळीत स्प्रिंग, मधून पीळ दिलेली पोलादी पट्टी, आणि पिळाचा चढ सगळीकडे सारखा नाही. स्प्रिंगचा जोर बदलतो तसा तोही बदलत जातो आणि हिशेब बरोबर जुळतो. दुसरा उपाय गुंडाळलेल्या पातळ पोलादी पट्टीचा. ती उलगडते तेव्हा कोणत्याही क्षणी तिचा थोडाच भाग सरळ होत असतो, म्हणून किती उलगडली यावर ओढ फारशी अवलंबून राहत नाही.

वाण्याच्या दुकानाचं हातानं ओढायचं शटर याच खानदानातलं. वरच्या गोल दांड्यात स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढताना त्यांना पीळ बसतो आणि सकाळी त्याच शटर उचलायला मदत करतात. स्प्रिंग मरगळली की मालक रोज नोकराला हाक मारतो.

दुसरा भाऊ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भेटतो. विषारी वाफा कोंडणाऱ्या फ्यूम हूडची काच एका हातानं वर जाते आणि तिथंच थांबते, कारण मागे तारेला वजन टांगलेलं असतं. अनेक हूडमध्ये दोन्ही बाजूंच्या तारा एकाच वजनाला जोडतात, म्हणजे काच तिरकी होऊन अडकत नाही.

दुहेरी काचेनं मात्र जुन्या वजनांची पंचाईत केली. काचेचा हिशेब सोपा: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, अडीच किलो. म्हणजे ०.६ चौरस मीटरच्या सॅशमध्ये ३ मिलिमीटरची एक काच साडेचार किलोंची. तिथं ४ मिलिमीटरच्या दोन काचा घातल्या की बारा किलो! खोकं तेवढंच, वजन मात्र वाढवायचं. मग बीड काढून शिसं घालतात, कारण त्याच जागेत ते सुमारे दीडपट जड भरतं.

पुसायची कशी?

चौथ्या मजल्यावरची काच बाहेरून पुसायची म्हणजे जिवाशी खेळ. एडिंबरा-ग्लासगोच्या उंच चाळवजा इमारतींत स्कॉटिश लोकांनी खालच्या सॅशला एका बाजूनं बिजागऱ्या लावल्या. दोरी सोडवा, पट्टी काढा, सॅश दारासारखी आत उघडा. डेन्मार्कच्या व्हिलुम कान रासमुसेननं १९४१ मध्ये सुरू केलेल्या कंपनीनं छताच्या उतारावर मधल्या आसाभोवती फिरणारी खिडकी घरोघरी नेली. तिथं वजनही नको. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याला तोलतो आणि काच आतल्या बाजूनं फिरवून पुसता येते.

आणि मुलांकडे न्यू जर्सीला गेलात, सूनबाईंनी खिडक्या पुसायला घेतल्या, तर एवढं लक्षात ठेवा. तिथल्या बऱ्याच नव्या खिडक्यांत खालच्या सॅशवरचे दोन खटके आत सरकवले की ती आपल्याकडे कलते. खालच्या कोपऱ्यांतल्या खिळ्या स्प्रिंगला जोडलेल्या सरकत्या ठोकळ्यांत बसलेल्या असतात. सॅश कलली की ठोकळे जागीच कुलूपबंद होतात आणि तेवढ्यावर स्प्रिंगचा सगळा जोर थोपून धरलेला असतो. सॅश पूर्ण आडवी न करता उपसली, तर ठोकळा मोकळा होऊन सटकन वर उडतो आणि मग स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याला पुन्हा खाली आणण्यात अख्खी दुपार जाते. काढताना खालची सॅश आधी, बसवताना वरची आधी. आणि पुसून झाल्यावर दोन्ही खटके ‘टक्’ वाजले की नाही ते ऐका.