वाशीमचें नांव आणि ग्रोनिंगेनचें विद्यापीठ

वाशीमचें नांव काढलें म्हणजे वऱ्हाडांतील जुन्या घरांतून बालाजीचें देवालय आठवतें, पद्मतीर्थाचे घाट आठवतात, आणि घरांत कोणी वडीलधारें माणूस असेल तर वत्स ऋषींची कथाहि ऐकावयास मिळते. या गांवाचें जुनें नांव वत्सगुल्म, व येथें एके काळीं वाकाटक राजांची राजधानी होती, हें आतां शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु ही गोष्ट कळावयास किती काळ लागला, ती कळण्याच्या वाटेंत युरोपांतील कोणकोणतीं विद्यापीठें आलीं, आणि एका मोठ्या विद्वानाच्या हातून वाचण्यांत झालेली एक चूक सुधारण्याचें साधन अखेर कोठें सांपडलें, ही हकीकत मात्र घरोघर सांगितली जात नाहीं. ती आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

नेदर्लंड्स देशाच्या उत्तरेस ग्रोनिंगेन नांवाचें शहर आहे. तेथील विद्यापीठ १६१४ सालीं स्थापन झालें. म्हणजे आपल्याकडे मलिकंबर निजामशाहीचा गाडा हांकीत होता त्या काळांतलें तें आहे. शास्त्रीय संशोधनासाठीं त्याची ख्याति मोठी. जिवंत पेशी रंग न देतां पाहतां येतील असा सूक्ष्मदर्शक ज्यांच्या शोधामुळें शक्य झाला ते झेर्निके याच विद्यापीठाचे. त्यांस १९५३ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. येथलेच फेरिंगा यांस रेणूंचीं यंत्रें बनविल्याबद्दल २०१६ सालीं रसायनशास्त्राचें पारितोषिक मिळालें. अशा या गांवीं १९९७ सालीं वाकाटकांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ते प्राध्यापक हान्स बाकर. रामटेक, मनसर, मांढळ या ठिकाणच्या मूर्ति आणि वाकाटकांचे लेख यांचा त्यांत बारकाईनें विचार केला आहे, व आपल्या वत्सगुल्माच्या शाखेचा इतिहासहि तेथें आला आहे. पुढें २००४ सालीं वाकाटकांच्या वारशावर अनेक विद्वानांच्या निबंधांचा दुसरा ग्रंथ याच गांवाहून निघाला.

कोणी विचारील, रसायनांच्या प्रयोगशाळा असलेल्या विद्यापीठास वऱ्हाडांतल्या राजांशीं काय कर्तव्य ? आमच्या मतें याचें उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतींत आहे. प्रयोगशाळेंतला मनुष्य आपल्या निष्कर्षाबरोबर आपलीं मापेंहि छापतो. दुसऱ्यानें तीं पुन्हां घेऊन पाहावींत, अशी त्याची अपेक्षा असते. हाच दंडक या मंडळींनीं पोथ्यांना लावला. बाकर व त्यांचे सहकारी यांनीं स्कंदपुराणाची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. तिचा आधार नेपाळांत सांपडलेलीं जुनीं ताडपत्रें; त्यांपैकीं सर्वांत जुनें इसवी सन ८१० चें. वर मूळ श्लोक, व खालीं प्रत्येक पोथींत काय वेगळें आढळलें त्याची अक्षरशः नोंद, अशी तिची रचना आहे. संपादकाचें मत न पटलें तर वाचकानें खालचे पाठ पाहून स्वतः निवाडा करावा. पहिला खंड १९९८ सालीं निघाला, पांचवा २०२१ सालीं. तेवीस वर्षांत पुस्तक ११२ व्या अध्यायापर्यंत पोंचलें. हल्लीं सर्वत्र विद्यापीठांचें संशोधन वर्षाकांठीं किती निबंध छापले यावर मोजलें जातें. त्या हिशेबानें हें काम फारच मंद म्हणावें लागेल.

मात्र या पद्धतीचा आरंभ ग्रोनिंगेनला झालेला नाहीं. वाशीमच्या राजांची जी राजमान्य काव्यभाषा, ती महाराष्ट्री प्राकृत, हिचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकांत जर्मन विद्यापीठांनीं मांडला. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेंतील, म्हणजे विदर्भाच्या पूर्व भागांत राज्य करणाऱ्या शाखेंतील, प्रवरसेन राजाच्या नांवावर असलेलें सेतुबंध काव्य घ्या. बाणभट्टानें हर्षचरिताच्या आरंभीं ज्याची स्तुति केली तें हें काव्य. पॉल गोल्डश्मिट यांनीं १८७३ सालीं गटिंगेन येथें त्याची थोडी वानगी छापली. नंतर झीगफ्रीड गोल्डश्मिट यांनीं स्ट्रासबुर्ग येथून १८८० ते १८८४ या काळांत संपूर्ण काव्य जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध केलें. आमच्या निर्णयसागराची रामदासाच्या टीकेसह आवृत्ति निघाली १८९५ सालीं. हाले येथील प्राध्यापक पिशेल यांनीं १९०० सालीं सर्व प्राकृत भाषांचें व्याकरण लिहिलें. त्यावांचून आजहि प्राकृताच्या अभ्यासकाचें पान हालत नाहीं. हे पिशेल पुढें कलकत्त्यास व्याख्यानें देण्यासाठीं निघाले असतां १९०८ सालीं मद्रासेस वारले. ज्या देशाच्या भाषांत सारें आयुष्य घालविलें त्या देशाच्या किनाऱ्यावर पाय ठेवतांच देह पडावा, याला काय म्हणावें !

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा एक मोठा शिलालेख आहे. त्यांत वाकाटक राजांची वंशावळ दिली आहे. परंतु पाणी, ऊन व काळ यांनीं दगड झिजून कित्येक अक्षरें नाहींशीं झालेलीं. प्रथम डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख वाचला. मग पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ठसे घेतले व त्यांवरून ब्यूलर यांनीं लेखाचें संपादन केलें. तें १८८३ सालीं छापलें गेलें. ब्यूलर हे पूर्वीं मुंबई इलाख्यांत शिक्षणखात्यांत होते, व त्या वेळीं व्हिएन्ना विद्यापीठांत प्राध्यापक होते. भारतीय लिपींचें त्यांच्याइतकें ज्ञान त्या काळीं फारच थोड्यांस होतें. पहिल्या प्रवरसेनानंतरच्या राजाचें नांव दगडावर अर्धवट पुसलेलें होतें. त्या ठिकाणीं ब्यूलर यांनीं ‘रुद्रसेन’ वाचलें. कारण इतर वाकाटक ताम्रपटांत प्रवरसेनानंतर रुद्रसेनाचेंच नांव येतें. पुढच्या एका पुसट जागींहि त्याच वंशावळीच्या आधारानें ‘पृथिवीषेण’ हें नांव बसविलें गेलें.

हें अनुमान गैर होतें असें कोणी म्हणूं नये. हातीं असलेल्या पुराव्यावरून कोणाहि विचारी मनुष्यानें तेंच केलें असतें. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, वाकाटकांचा वंश एकच आहे, अजिंठ्याचा हरिषेण त्याच वंशांतला, अशी समजूत पक्की झाली. आणि वत्सगुल्माची शाखा म्हणून कांहीं असेल अशी कोणास शंकाहि आली नाहीं. बॉन येथें प्राध्यापक याकोबी यांनीं १९०२-०३ सालीं ध्वन्यालोकाचें जर्मन भाषांतर केलें. त्या ग्रंथांत सर्वसेन नांवाच्या कवीच्या ‘हरिविजय’ काव्याचा उल्लेख आहे. कुंतकानें तर सुकुमार मार्गासाठीं कालिदासाच्या जोडीला सर्वसेनास बसविलें आहे. परंतु हा सर्वसेन कोण, कोठला, हें तेव्हां कोणास सांगतां येण्याजोगें नव्हतें. राजशेखरानें विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह लावून दिला. आपल्या कर्पूरमंजरींत ‘वच्छोमी’ हें एका रीतीचें नांव म्हणून वापरलें. हें नाटक स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितांनीं १९०१ सालीं संपादून प्रसिद्ध केलें. म्हणजे गांवाचें नांव ग्रंथांतून होतें, कवीचें नांव ग्रंथांतून होतें, राजाचें नांव दगडावर अर्धें होतें. त्यांस एकत्र बांधणारा दुवा तेवढा नव्हता.

तो दुवा १९३९ सालीं वाशीम गांवांतच उजेडांत आला. तांब्याचे चार पत्रे. वत्सगुल्माहून दिलेलें दानपत्र. दाता विंध्यशक्ति, हारीतीपुत्र प्रवरसेनाचा नातू आणि धर्ममहाराज सर्वसेनाचा पुत्र. वंशावळीचा भाग संस्कृतांत व पुढचा मजकूर प्राकृतांत आहे. राज्याच्या सदतिसाव्या वर्षीं नांदेडच्या बाजूचें एक गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत लिहिलें आहे. यवतमाळचे य. खु. देशपांडे व महाजन यांनीं या ताम्रपटाची वार्ता विद्वानांपुढें मांडली. नागपूरचे प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी व महाजन यांनीं तो एपिग्राफिया इंडिकांत संपादून छापला. मिराशी यांनीं लगोलग अजिंठ्याच्या लेखाकडे पुन्हां पाहिलें. ब्यूलर यांस जेथें रुद्रसेन दिसला तेथें दगडावरची अक्षरें ‘सर्वसेन’ अशीं स्पष्ट जुळलीं. पृथिवीषेणाच्या जागीं विंध्यसेन आला. छप्पन वर्षें छापील पुस्तकांत ठाण मांडून बसलेलीं दोन नांवें उठलीं आणि एक अख्खी राजशाखा आपल्या जागीं येऊन बसली. हरिविजयाचा कर्ता सर्वसेन हा वाशीमचाच राजा, हेंहि मग मिराशी यांनीं दाखवून दिलें.

मिराशी हे परदेशीं शिकून आलेले नव्हते. मॉरिस कॉलेजांत संस्कृत शिकवावें, सुटींत लेण्यांतून व खेड्यांतून हिंडावें, असा त्यांचा क्रम. कांहीं लेखक यावरून युरोपियनांची फजिती झाली असा सूर लावतात. आम्हांस तो रुचत नाहीं. ब्यूलर यांनीं आपला पाठ ठशासह छापला नसता, तर तो चुकला हें तरी कोणास कसें सिद्ध करतां आलें असतें ? व्हिएन्नाच्या प्राध्यापकाचें मत नागपूरच्या प्राध्यापकानें फिरविलें व तें सर्वांनीं मान्य केलें, कारण निवाडा करणारा दोघांहून वेगळा होता. तो तांब्यावर कोरलेला होता. पुढें याच जिल्ह्यांत, वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथें, देवसेन राजाच्या वेळचा शिलालेख मिळाला. सुदर्शन नांवाचें तळें बांधल्याची ही नोंद असून तींत शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८, असा काळ दिला आहे. वाकाटकांच्या लेखांत शककालाचा उल्लेख असणारा हा एकच लेख. ग्रोनिंगेनच्या ग्रंथास जो पाया मिळाला तो या सर्वांच्या श्रमांवर रचलेला आहे.

येथें आम्हांस आमच्या वाचकांच्या घरांकडे वळावेंसें वाटतें. वाकाटकांचा काळ ठरविणारा दुसरा महत्त्वाचा पुरावा म्हणजे प्रभावतीगुप्ता राणीचा पुण्याचा ताम्रपट. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, हें त्यावरून कळलें. तोंवर कांहीं नामवंत पंडितांनीं या राजांस दोन-तीन शतकें पुढें नेऊन ठेवलें होतें. हा ताम्रपट कोठें होता ? पुण्यांत एका तांबटाच्या घरीं, वडिलोपार्जित वस्तु म्हणून जपलेला. ज्याचा धंदाच तांबें वितळविण्याचा त्यानें तो वितळविला नाहीं, यावर गुप्त-वाकाटकांचा कालनिर्णय अवलंबून होता.

आमच्या ओळखीच्या एका घरीं याच्या उलट घडलें. आजोबांच्या मागें माजघरांतली पेटी उघडली. वर पोथ्यांचीं बाडें, खालीं तीर्थयात्रेचीं भांडीं, आणि कडीनें अडकविलेले दोन-तीन काळे पडलेले पत्रे. ‘वाचतां येत नाहीं, देवाचें कांहींतरी असेल,’ असें म्हणून पोथ्या नदींत सोडल्या. पत्रे मोडींत भांड्यांबरोबर तोलून दिले. ते खरोखर ताम्रपट होते कीं नुसतीं यंत्रें, हें आतां कोण सांगणार ? त्या घरांतल्या मंडळींचा हेतु वाईट नव्हता. घर लहान, मुलें परगांवीं, पोथीस कसर लागलेली. गृहिणीनें करावें तरी काय, हें आम्हांसहि समजतें.

परंतु करण्याजोगें थोडें आहे. पत्र्यास चिंच किंवा राख लावून घासूं नये. मळाबरोबर अक्षराची धारहि जाते. कडी व मुद्रा असल्यास तोडूं नये. मुद्रेवरच राजाचें नांव असण्याचा संभव असतो. पोथीचीं पानें क्रमानें नसलीं तरी आहेत तशींच बांधून ठेवावींत, कारण विस्कटलेला क्रमहि अभ्यासकास कांहीं सांगतो. आतां घरोघर छायाचित्र घेण्याची सोय झाली आहे. प्रत्येक पानाचीं दोन्ही अंगें स्वच्छ उजेडांत टिपून ठेवण्यास एक दुपार पुरते. मग वस्तु घरांत ठेवावी किंवा एखाद्या संशोधन-संस्थेस द्यावी, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. संस्थेस देतांना ती कोणाच्या घरची, कोणत्या गांवची, हें लिहून द्यावें. गांवाचें नांव गेलें कीं लेखाचें निम्मे मोल जातें. वाशीमचे पत्रे वाशीमचे म्हणून हातीं आले, यांतच त्यांचें अर्धें बळ होतें.

सर्वसेनाचें हरिविजय अद्याप मिळालेलें नाहीं. भोजानें शृंगारप्रकाशांत त्यांतलीं जीं पद्यें उदाहरणासाठीं घेतलीं तीं वेंचून वि. म. कुळकर्णी यांनीं १९९१ सालीं अहमदाबादेहून एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पारिजातासाठीं कृष्णाचें स्वर्गावर जाणें, सत्यभामेचा रुसवा, एवढी कथा त्या तुकड्यांवरून कळते. वाशीमच्या राजानें रचलेलें, कालिदासाशेजारीं बसविलेलें तें काव्य सबंध वाचलेला मनुष्य आज कोठेंहि नाहीं. व्हिएन्नांत नाहीं, ग्रोनिंगेनमध्यें नाहीं, वाशीमांतहि नाहीं.