उभ्या मोटारीचा पहारा

मोटार घरापुढे उभी करून निश्चिंत मनाने निजावे आणि सकाळी तिच्या दारावर कोणा टेम्पोचा ओरखडा दिसावा, हा अनुभव सुरतेतील मराठी कुटुंबांना नवा नाही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात. तेथील गल्ल्या अरुंद आणि कापडाचे तागे वाहणाऱ्या वाहनांची वर्दळ फार. म्हणून आम्ही मोटारीच्या काचेआड डॅश कॅमेरा बसविला, आणि इंजिन बंद असतानाही तो चालू राहावा यासाठी निराळा बॅटरी पॅक घेतला.

एकदा नंदुरबारहून परतल्यावर सायंकाळी सातला मोटार उभी केली. सकाळी पाहतो तो मागचे दार चेपलेले! मोठ्या आशेने चित्रण पाहावयास बसलो, तर ते रात्री एक वाजताच थांबलेले. नवल असे, की पॅकवरील दिवे निम्म्याहून अधिक वीज शिल्लक असल्याचे दाखवीत होते. शिदोरी उरली होती आणि पहारेकरी निजला होता!

शोध घेता कारण सापडले. उभ्या मोटारीत सहा तासांनंतर आपोआप बंद व्हावे, अशी योजना कॅमेऱ्यातच होती. ती काढून टाकली. पुढच्या खेपेस कॅमेरा पुष्कळ वेळ चालला, तरी पॅकमधील अखेरचा हिस्सा पुन्हा उरलाच. या वेळी दोष व्होल्टेजच्या मर्यादेचा होता.

येथे थोडे शास्त्र ध्यानात घ्यावयास हवे. मोटारीची मूळ बॅटरी शिशाची. तिचा शोध गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली लावला. ती पूर्ण भरलेली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते आणि १२.२ च्या आसपास निम्मी रिकामी झालेली असते. सकाळी मोटार सुरू व्हावी म्हणून कॅमेरा १२.४ किंवा १२.२ व्होल्टवर बंद होण्याची सोय केलेली असते. मूळ बॅटरीवर कॅमेरा चालविणाऱ्यांनी ती मुळीच काढू नये. आमचा पॅक मात्र लिथियम आयर्न फॉस्फेटचा. हे द्रव्य जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली प्रकाशात आणले. लिथियम-आयन बॅटरीवरील कार्याबद्दल गुडइनफ यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक दोघांसह विभागून मिळाले. या पॅकचे व्होल्टेज बराच काळ १३ च्या आसपास स्थिर राहते आणि अखेरीस झपाट्याने उतरते. त्याला अति रिकामे होऊ न देणारी यंत्रणा त्याच्या पोटातच असते. म्हणून पॅकवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची मर्यादा सर्वांत खाली ठेवावी, किंवा सोय असल्यास बंद करावी.

परंतु पॅक मुळात भरलाच नाही, तर त्यातून निघणार काय? १२.८ व्होल्ट आणि ६ अँपियर-तासांच्या पॅकमध्ये सुमारे ७७ वॉट-तास वीज मावते. कॅमेरा ५ वॉट घेत असेल, तर हिशेबाने ती पंधरा तास पुरावी. प्रत्यक्षात थोडी कमी धरावी. ५ अँपियरने पॅक भरण्यास तासाहून अधिक काळ लागतो. नवापूरमार्गे धुळ्यास जाणाऱ्याचा पॅक वाटेतच भरेल. घर ते बाजार अशा वीस मिनिटांच्या फेरीत मात्र तो जेमतेम तिसरा हिस्सा भरतो आणि पहारा पाच तासांत आटोपतो. काही पॅक फ्यूजपेटीशी जाड तारेने जोडल्यास लायटरच्या खोबणीपेक्षा दुप्पट वेगाने भरतात. हे काम जाणत्या मोटार-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

वैशाखातील बंद मोटार भट्टीप्रमाणे तापते. अति तापलेला पॅक भरणे थांबवितो आणि त्याचे आयुष्यही घटते; म्हणून तो डॅशबोर्डावर न ठेवता सीटखाली सावलीत ठेवावा. पावसाळ्यात मात्र तेथे पाणी शिरत नाही ना, हे पाहावे. ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर सुरतकर विसरलेले नाहीत!

ते दार आम्ही पदरमोड करून दुरुस्त केले. पुरावाच नव्हता, मग दोष कोणास देणार? वाचकांनी मात्र आज रात्रीच एवढे करावे: मोटार उभी करताना पॅकवरील दिवे पाहावेत आणि सकाळी चित्रण किती वाजेपर्यंत चालले ते तपासावे. दिवे उरले आणि चित्रण थांबले, तर दोष पॅकचा नसून बहुधा कॅमेऱ्यातील मर्यादेचा आहे, असे समजावे.